लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनी वारसा हक्काची कागदपत्रं कोणत्या क्रमाने करावीत? कोकणातल्या घर-जमिनीसाठी सविस्तर मार्गदर्शन

लग्न न करता वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्या जोडप्यातला एक जण गेला की दुसऱ्याला घराबाहेर काढायला भावकीला फार दिवस लागत नाहीत. अशा वेळी एक फाईल पुढे येते. तिच्यात बँकेचा नॉमिनेशन फॉर्म असतो, रेशनकार्डाची झेरॉक्स असते आणि कधीकधी पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीपुढे केलेला 'विवाह करार' असतो. यांपैकी एकाही कागदाने वारसा मिळत नाही. ज्या कागदाने मिळाला असता तो केलेलाच नसतो, किंवा केला असला तरी चुकीच्या जमिनीचा असतो.

ही वेळ बहुधा क्रम चुकल्याने येते. लोक नॉमिनीपासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. सुरुवात करायची ती लग्नाच्या स्थितीपासून आणि सातबाऱ्यापासून. खालचे टप्पे रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या मिळकतींसाठी आहेत.

## आधी फरक समजून घ्या

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पत्नी पहिल्या वर्गाची वारस असते. मुलगे, मुली आणि आई यांच्या बरोबरीने तिला एक हिस्सा मिळतो. मागे पत्नी, आई आणि दोन मुलं असतील तर चार समान हिस्से होतात. पत्नीने वेगळं काही सिद्ध करायचं नसतं, लग्न झालं होतं एवढं पुरतं.

लग्न न झालेला जोडीदार या कायद्याच्या कोणत्याही वर्गात बसत नाही. पहिल्या वर्गात नाही, दुसऱ्या नाही आणि गोत्रज-भिन्नगोत्रजांतही, म्हणजे दूरच्या नातेवाईकांतही नाही. मृताला एकही वारस नसला तर मिळकत सरकारजमा होते, तरीही जोडीदाराकडे येत नाही.

बाईच्या मिळकतीचा क्रम वेगळा आहे. मुलं आणि नवरा आधी, मग नवऱ्याचे वारस, त्यानंतर आईवडील. तिला मुलं नसतील तर आईवडिलांकडून वारसाने आलेलं वडिलांच्या वारसांकडे जातं आणि नवऱ्याकडून किंवा सासऱ्याकडून आलेलं सासरच्या वारसांकडे जातं. म्हणजे विधवा झाल्यावर पंधरा वर्षं ज्याच्यासोबत संसार केला त्याला काही नाही, आणि ज्या दिराने तोंड पाहिलं नाही त्याला बाग मिळते.

मुस्लिम कुटुंबात मुलं असतील तर पत्नीला एक अष्टमांश, नसतील तर एक चतुर्थांश हिस्सा मिळतो. पतीला अनुक्रमे एक चतुर्थांश आणि अर्धा. ख्रिस्ती कुटुंबात मुलं असतील तर विधवेला एक तृतीयांश मिळतं. लग्न न झालेल्या जोडीदाराचा वाटा दोन्हीकडे शून्य.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने लग्नासारख्या नात्यातल्या स्त्रीला सामाईक घरात राहण्याचं संरक्षण दिलं आहे. ते उपयोगी आहेच, पण त्याने कोणी वारस होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नका.

## टप्पा १: आधीचं लग्न कायद्याने संपलं आहे का?

दोघांपैकी कोणाचंही आधीचं लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा कोर्टाचा हुकूमनामा हातात आहे का, ते पाहा. 'ती बारा वर्षं मुंबईला माहेरीच आहे', 'गावच्या बैठकीत फारकत झाली', 'स्टॅम्पवर सोडचिठ्ठी लिहून घेतली' यांपैकी कशानेही हिंदू लग्न सहसा संपत नाही. रूढीने घटस्फोट होतो असं म्हणायचं असेल तर ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते, आणि ते सोपं नाही. पहिली पत्नी कायद्याने पत्नी असेल तर वारसही तीच.

दोघंही मोकळे असाल आणि अडचण फक्त 'लोक काय म्हणतील' एवढीच असेल, तर माझं स्पष्ट मत आहे की लग्न करा. विशेष विवाह कायद्याने विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं आणि तीन साक्षीदारांसमोर लग्न करायचं. नोटीस देण्याआधी दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहिलेलं हवं. एवढ्याने पुढची निम्मी धडपड वाचते.

विधवा बायकांना एक भीती घातली जाते की दुसरं लग्न केलंस तर पहिल्या नवऱ्याची जमीन जाईल. वारसाने एकदा मिळालेला हिस्सा पुनर्विवाहाने जात नाही. कुटुंब निवृत्तिवेतन मात्र बंद होऊ शकतं, म्हणून त्या खात्याचे नियम आधी वाचा.

समलिंगी जोडप्यांना हा रस्ता आज खुला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. त्यांच्यासाठी पुढचे टप्पे हाच मार्ग आहे.

सावधान: नोटरीपुढे केलेला करार म्हणजे लग्न नव्हे. उलट, विधी झाले नसतील तर नुसत्या नोंदणी दाखल्यानेही हिंदू लग्न सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे.

'इतकी वर्षं एकत्र राहिलो म्हणजे कोर्ट आम्हाला नवरा-बायको मानेल' हे अर्धसत्य आहे. दीर्घ सहवासावरून लग्न झालं असावं असं गृहीत धरता येतं आणि २०१५ च्या धन्नूलाल खटल्यात तसं धरलंही गेलं. पण ते गृहीतक समोरच्याला पुराव्याने खोडता येतं, पहिली पत्नी हयात असेल तर ते टिकत नाही आणि निकालापर्यंत उमेद संपते. त्याच्या भरवशावर कागद करायचे सोडू नका.

## टप्पा २: मिळकतीची यादी आणि प्रत्येकीचा प्रकार

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक मिळकतीचा ताजा सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. घराचा ग्रामपंचायतीचा घरपत्रक उतारा, म्हणजे नमुना आठ, घ्या. मग प्रत्येक मिळकतीपुढे चार प्रश्नांची उत्तरं लिहा.

ती स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित? खरेदीखत तुमच्या नावाचं असेल तर प्रश्न नाही. सातबाऱ्यावर आजोबांपासून नोंद चालत आली असेल आणि खाली तेवीस नावं सामाईक असतील, तर तुमच्या हातात फक्त न वाटलेला हिस्सा आहे. २००५ च्या दुरुस्तीनंतर त्यात बहिणींचाही जन्मतः हक्क आहे. तुमचा हिस्सा किती, हे वंशावळ मांडून आधी काढा. वाटप होऊ शकत असेल तर हयातीत करून घ्या. मृत्यूनंतर तुमच्या जोडीदाराशी कोणी वाटप करायला बसणार नाही.

शेतजमीन आहे का, आणि जोडीदार शेतकरी आहे का? कोकणात सगळ्यात जास्त मृत्युपत्रं इथे अडतात. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. पत्नी वारस म्हणून येते, त्यामुळे तिला हा अडथळा नाही. जोडीदार मृत्युपत्राने येतो. याच कायद्याच्या गुजरातमधल्या तरतुदींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये (विनोदचंद्र कापडिया खटला) ठरवलं की मृत्युपत्रानेही शेतजमीन बिगरशेतकऱ्याला देता येत नाही. महाराष्ट्रातला समोरचा वकीलही तोच निकाल पुढे ठेवेल असं धरून चला. म्हणून जोडीदाराचं स्वतःचं नाव राज्यात कुठल्या सातबाऱ्यावर आहे का, ते आधी शोधा. माहेरच्या जमिनीत वारस नोंद राहून गेली असेल तर ती आत्ताच करून घ्या. एरवी कंटाळा केला जातो त्या कामाची किंमत इथे कळते.

जोडीदार शेतकरी नसेल तर गावठाणातलं घर, बिनशेती प्लॉट, फ्लॅट, ठेवी आणि होडी त्याच्या नावे लिहा. आंबा-काजूची बाग शेतकरी असलेल्या पुतण्याला किंवा मुलाला द्या, आणि बागेच्या उत्पन्नातून जोडीदाराला दरवर्षी ठरावीक रक्कम देण्याचा बोजा मृत्युपत्रात त्यावर ठेवा. बोज्याची भाषा वकिलाकडूनच लिहून घ्या.

'इतर हक्क' रकान्यात काय लिहिलं आहे? 'कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र' असा शेरा किंवा भोगवटादार वर्ग २ अशी नोंद असेल तर हस्तांतरावर अटी आहेत. आधी तहसील कार्यालयात त्या अटींची चौकशी करा.

घर कोणाच्या जमिनीवर उभं आहे? कोकणात हे हमखास राहतं. घरपट्टी तुमच्या नावे, पण खालची जमीन चुलत्यांसह सामाईक. घरपत्रक हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा नाही. मृत्युपत्रात घर लिहून खालच्या जमिनीतला तुमचा हिस्सा लिहायचा राहिला तर भांडण तिथूनच सुरू होईल.

तपासा: यादीतल्या प्रत्येक मिळकतीपुढे गट नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, घर नंबर आणि मिळकत कशी आली ते लिहिलं आहे का? एक जरी रकाना कोरा असेल तर पुढे जाऊ नका.

गोव्यातही मिळकत असेल, किंवा दोघांपैकी कोणी मूळचं गोव्याचं असेल, तर वेगळा सल्ला घ्या. तिथल्या कायद्यात मुलं किंवा आईवडील असतील तर साधारण अर्धी मिळकतच आपल्या मर्जीने देता येते.

## टप्पा ३: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

'हयातीतच नावावर करून टाकू' असं वाटणं साहजिक आहे. पण आधी खर्च पाहा. राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नीला किंवा मुलांना बक्षीस दिली तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. लग्न न झालेल्या जोडीदाराला दिली तर खरेदीखतासारखं बाजारभावावर पूर्ण शुल्क. वर आयकर: नातेवाईक नसलेल्याकडून मिळालेली ५० हजारांहून जास्त मूल्याची भेट घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरली जाते, आणि आयकर कायद्याच्या नातेवाईकांच्या व्याख्येत असा जोडीदार नाही. मृत्युपत्राने मिळालेल्या मिळकतीवर ना हे मुद्रांक शुल्क, ना हा कर.

दुसरं कारण अधिक मोठं आहे. न वाटलेल्या वडिलोपार्जित मिळकतीतला हिस्सा इतरांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, तसं बक्षीसपत्र रद्दबातल ठरतं. तोच हिस्सा हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३० प्रमाणे मृत्युपत्राने देता येतो.

मुस्लिम व्यक्तीसाठी हिशेब उलटा आहे. वारसांच्या संमतीशिवाय मृत्युपत्राने फक्त एक तृतीयांश मिळकत देता येते. हयातीतल्या हिब्याला, म्हणजे बक्षिसाला, ही मर्यादा नाही, पण ताबा प्रत्यक्ष द्यावा लागतो. कपाटात ठेवलेला हिबानामा आणि चाव्या स्वतःच्याच खिशात, असा हिबा टिकत नाही.

संयुक्त नावाने घर घेणं चांगलं, पण त्याने फक्त जोडीदाराचा अर्धा भाग सुरक्षित होतो. तुमचा अर्धा तुमच्या वारसांकडे जातो. त्या अर्ध्यासाठीही मृत्युपत्र लागेलच.

## टप्पा ४: मृत्युपत्र लिहिणं आणि नोंदवणं

साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार सक्तीचे, आणि त्या दोघांनीही तुमच्यासमोर सही करायची.

जोडीदाराचा उल्लेख 'माझी पत्नी' असा करू नका. लग्न झालेलं नसताना पत्नी लिहिलं की समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता लिहा. नात्याबद्दल सरळ लिहा, लपवू नका. नमुना असा:

*'श्रीमती ... आणि मी सन ... पासून मौजे ... येथील घर नंबर ... मध्ये एकत्र राहत आहोत. माझ्या आजारपणात त्यांनी माझी देखभाल केली आहे. सदर घर, त्याखालील गट नंबर ... मधील माझा हिस्सा आणि घरातील सर्व वस्तू मी त्यांना देत आहे. माझे भाऊ, बहिणी व पुतणे यांना सदर मिळकतीत काहीही दिलेले नाही याची मला पूर्ण जाणीव आहे व हा निर्णय मी विचारपूर्वक घेतला आहे.'*

शेवटचं वाक्य वगळू नका. जवळच्या वारसांना काही न देणारं मृत्युपत्र कोर्टात संशयाने पाहिलं जातं, आणि संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर असते. तुम्ही वारसांना विसरला नव्हता, हे तुमच्याच शब्दांत कागदावर हवं.

पूर्ण मालकी द्यायची नसेल तर मधला मार्ग आहे: जोडीदाराला हयातभर त्या घरात राहण्याचा हक्क आणि त्यानंतर घर पुतण्यांना. वडिलोपार्जित घरासाठी मला हाच मार्ग अनेकदा बरा वाटतो. पुतण्यांना घर शेवटी आपल्याकडेच येणार हे दिसतं, त्यामुळे भांडायची घाई राहत नाही. मात्र दुरुस्ती कोणी करायची, घरपट्टी कोणी भरायची आणि गणपतीला येणारे चाकरमानी कोणत्या खोल्या वापरणार, हेही लिहा. क्षुल्लक वाटतं, पण खटके याच गोष्टींवरून उडतात.

साक्षीदार निवडताना वय बघा. तुमच्यापेक्षा लहान, गावात किंवा तालुक्यात राहणारे, वाटण्यात काही न मिळणारे. मृत्युपत्र कोर्टात सिद्ध करताना निदान एक साक्षीदार उभा करावा लागतो. ऐंशीचे गुरुजी आदरणीय असतील, पण पंधरा वर्षांनी साक्षीला कोण येणार? जोडीदाराला किंवा त्याच्या सख्ख्यांना साक्षीदार करू नका. मृत्युपत्र करणारा ख्रिस्ती असेल तर साक्षीदाराला दिलेली देणगीच रद्द होते.

त्याच दिवसाचा डॉक्टरांचा दाखला जोडा: प्रकृती ठीक, विचारशक्ती शाबूत. वय कमी असलं तरी जोडा.

नोंदणी सक्तीची नाही. तरीही अशा नात्यात दुय्यम निबंधकाकडे नोंदणी केल्याशिवाय राहू नका. तिथे फोटो आणि अंगठ्याचा ठसा घेतला जातो, 'अशी सही त्याची नव्हेच' हा आक्षेप तिथेच लंगडा पडतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी अधिकारी घरी येऊ शकतात, त्यासाठी अर्ज करावा लागतो. नोंदणीच्या दिवशी जोडीदाराने शक्यतो सोबत जाऊ नये. 'तिनेच धरून नेलं आणि सही करून घेतली' असं म्हणायला जागा ठेवू नका.

सावधान: ख्रिस्ती व्यक्तीने मृत्युपत्र केल्यावर लग्न केलं तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होतं, अगदी त्याच जोडीदाराशी केलं तरी. लग्नानंतर नवं करा. हिंदूंना हा नियम लागू नाही.

## टप्पा ५: आता नॉमिनी

नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा विश्वस्त. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये (शक्ती येझदानी खटला) हेच सांगितलं. म्हणून नॉमिनी आणि मृत्युपत्र यांत एकच नाव ठेवा. नॉमिनी जोडीदार आणि मृत्युपत्रच नाही, अशा स्थितीत बँक पैसे जोडीदाराला देईल आणि वारस ते त्याच्याकडून मागतील.

बँक ठेवींना १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येतात. समलिंगी जोडीदाराला नॉमिनी करायला किंवा संयुक्त खातं काढायला बँक नकार देऊ शकत नाही, हे केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे.

विम्यात पत्नी, आईवडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर रक्कम त्यांच्याच मालकीची होते. जोडीदार त्या यादीत नाही, म्हणून पॉलिसी नंबर मृत्युपत्रात लिहा. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीत नियमांनी ठरवलेलं 'कुटुंब' असेल तर त्याबाहेरचं नामनिर्देशन चालत नाही. तिथे जोडीदाराचं नाव घालून निर्धास्त राहू नका, त्याची भरपाई इतर ठेवींतून करा. गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनी केवळ तात्पुरता सभासद होतो.

## टप्पा ६: मुलं असतील तर

हिंदू आईच्या मिळकतीत मुलाचा हक्क पूर्ण आहे, लग्न झालेलं असो वा नसो. वडिलांच्या बाजूने फरक पडतो. लग्नाचे विधी झाले होते पण पहिली पत्नी हयात असल्याने ते लग्न अवैध ठरलं, तर त्या मुलांना वडिलांच्या मिळकतीत हिस्सा मिळतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाने एकत्र कुटुंबातल्या वडिलांच्या काल्पनिक वाटपातल्या, म्हणजे मृत्यूच्या आधी वाटप झालं असतं तर त्यांना मिळाला असता त्या हिश्शापर्यंत हा हक्क नेला. लग्न झालंच नसेल तर मुलाला आधी दीर्घ सहवास सिद्ध करत बसावं लागतं. त्याला त्या फेऱ्यात टाकू नका, मृत्युपत्रात मुलाचं नाव आणि हिस्सा स्पष्ट लिहा. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव बरोबर आहे ना, तेही पाहा.

## टप्पा ७: मृत्यूनंतर जोडीदाराने काय करायचं

घर सोडू नका. 'दिवसकार्य होईपर्यंत माहेरी जा' असं सांगितलं तरी नाही. जबरदस्तीने काढलं तर पोलिसांत लेखी तक्रार द्या आणि सहा महिन्यांच्या आत दिवाणी कोर्टात ताब्याचा दावा लावा. विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली तिथे मालकी सिद्ध करावी लागत नाही, ताबा होता आणि बेकायदा काढलं एवढं दाखवायचं असतं. यासाठी तुमच्या नावाचं आधार, वीजबिल, गॅसचं पुस्तक याच पत्त्याचं असायला हवं. हे आजच करून ठेवता येतं.

मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत होते आहे ना, पाहा आणि दाखल्याच्या जादा प्रती घ्या. भावकीतल्या कोणी वारस नोंदीचा अर्ज आधी देण्याची शक्यता असते, म्हणून मृत्युपत्राआधारे फेरफाराचा अर्ज लगेच करा. कायद्याने मुदत तीन महिन्यांची आहे. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे द्या किंवा ई-हक्क प्रणालीवर भरा, आणि पोच घ्या. त्यानंतर हितसंबंधितांना पंधरा दिवसांची नोटीस निघते. हरकत आली तर मंडळ अधिकारी तक्रारी नोंद म्हणून सुनावणी घेतात. मृत्युपत्र खरं की खोटं हे ठरवायचा अधिकार त्यांना नाही, तो दिवाणी कोर्टाला आहे. म्हणून नोंद नामंजूर झाली तरी मालकी गेली असं समजू नका आणि तिथल्या तिथे कुठल्याही तडजोडीवर किंवा हक्कसोडपत्रावर सही करू नका. प्रांताकडे अपील करता येतं.

या तिन्ही जिल्ह्यांतल्या जमिनीसाठी हिंदू मृत्युपत्राला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नाही. तलाठी किंवा बँकेने 'प्रोबेट आणा' म्हटलं तर तसं लेखी मागा. आणि मूळ मृत्युपत्र कोणाच्याही टेबलावर ठेवून येऊ नका. मूळ प्रत दाखवायची, साक्षांकित प्रत द्यायची, आणि पोचपावतीवर 'मूळ प्रत पाहून परत केली' असं लिहून घ्यायचं.